डाव्या पायाचा गुण

माय,

मी पायाळू नव्हते, असं मावशी म्हणते. परवा दिंद्रुडला तिच्या ओसरीवर बसून आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. मध्येच ती म्हणाली, "तू तर डोक्यानंच आलतीस. केसाळ डोकं, आधी तेच दिसलं. ह्याच हातांनी धरलं म्या." हे सांगताना तिचे हात थांबले नाहीत. मी विचारलं, "कुणाचं डोकं?" ती म्हणाली, "तुझं. आणखी कुणाचं?" मी म्हटलं, "मावशी, मी पायाळू आहे. सगळ्या गावाला माहीत आहे." तिनं टरफलं झाडली. "गावाला तुझी माय म्हणली. गाव काय कोपीत आलतं व्हय बघायला?"

माझा जन्म उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत झाला, हे मला माहीत होतं. तेव्हा मावशी आपल्याच टोळीत होती. कोपीच्या आत तुम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. म्हणजे मी कशी आले हे जगात दोघींनाच ठाऊक. त्यातली एक तू. दुसरी परवापर्यंत गप्प होती.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहिणं सोपं जातंय. पण आता मला त्याचाही संशय येतो. हंगामाला निघताना ट्रॅक्टरांच्या लांब रांगेतून तू आपला ट्रॅक्टर बरोबर ओळखायचीस. अण्णा विचारायचे, कसा गं ओळखलास. तू म्हणायचीस, रंगावरून. ते सगळे ट्रॅक्टर एकाच रंगाचे होते.

मी गेवराईत शाळेत शिकवते. मुलं मधल्या सुट्टीत फोन घेऊन येतात आणि जगातली रहस्यं दाखवतात. वाळवंटात आपोआप सरकणारे दगड. समुद्रात नाहीशी होणारी जहाजं. एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात निघणारं भुयार, ज्यात शेळी सोडली की ती कुठल्या तरी लांबच्या गावात बाहेर येते. मी त्यांना एकच प्रश्न विचारते. हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, आणि त्या दिवशी त्याला काय हवं होतं? मुलांना हे आवडत नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडमपुढं देव उभा राहिला तरी मॅडम आधार कार्ड मागतील." सगळे हसले. मीही हसले. त्याच दुपारी आभाळ गडगडलं, आणि पहिली वीज चमकायच्या आत मी कानातलं काढून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. तेही मुलांनी पाहिलं.

आपल्या डोंगराच्या कडेला पावसाळा सरताना जमिनीतून आवाज येतो, तुला आठवत असेल. फळीवरची भांडी थरथरायची. लोक म्हणायचे, खाली कुणीतरी जातं ओढतंय. पुढं साहेबलोक आले आणि खडकात पाणी मुरतं त्याचा हा आवाज असं सांगून गेले. मला दोन्ही पटलं नाही. जातं सांगणाऱ्यांना पोरांना घरात बसवायचं होतं, आणि साहेबांना उजेडात घाट उतरायचा होता. माझा स्वभावच असा झाला आहे. कुठलीही अजब गोष्ट ऐकली की मी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. फक्त एका गोष्टीच्या बाबतीत मी कधी तोंडाकडे बघितलं नाही, कारण ते तोंड तुझं होतं.

तो दिवस मी आता पुन्हा पुन्हा समोर आणते. दसऱ्याच्या आधीचे दिवस. मुकादम अंगणात खाटेवर बसला आहे. अण्णा खाली, भिंतीला टेकून. थोरला भाऊ उभा. मी पाचवीत आहे आणि दाराच्या आत, तुझ्याजवळ चुलीपाशी. मुकादम कोयते मोजतो आहे. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असलं तर अर्धा. भावाचं त्या वर्षी मिसरूड फुटलं होतं. मुकादम म्हणतो, "तुमचा नवरा-बायकोचा एक. पोराचा अर्धा. त्याच्या जोडीला पोरगी घ्या की. बांधून देईल मोळ्या. बहीण-भाऊ मिळून पुरा कोयता होतोय." अण्णा म्हणतात, "लहान हाय अजून." मुकादम म्हणतो, "लहान कसली? माझी ह्या वयात फड मारत होती." अण्णा गप्प बसतात. अण्णांचं गप्प बसणं म्हणजे हो, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

तू चहा गाळत होतीस. फडकं पिळून बाजूला ठेवलंस. वर न बघता म्हणालीस, "तिला न्हाई न्हेता येत. ती पायाळू हाय."

मग अण्णा म्हणाले, "काय?"

"पायाळू हाय. पायानं आलीय."

"मग इतके दिस बोलली न्हाईस कावून?"

"कुणाला बोलू? धारूरच्या किल्ल्यात धन हुडकणारे फिरत्यात. त्यांना पायाळू पोरच लागतं. कानावर गेलं आसतं तर उचलून न्हेली आसती."

मुकादमानं कप खाली ठेवला. आदल्या हंगामात आपल्या टोळीतल्या दोन बैलांवर बाभळीखाली वीज पडली होती आणि गाडीवान जरा बाजूला लघवीला गेला होता म्हणून वाचला होता. ती गोष्ट त्यानंच गावभर सांगितली होती. पायाळू माणसाला वीज शोधत येते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो म्हणाला, "बरं झालं वैनी बोललात. उघड्या रानात न्हेली आसती तर इजंनं समदी टोळी घेतली आसती." आणि भावाकडे बघून म्हणाला, "तू अर्धाच रं औंदा."

आज मी या बोलण्याकडे मुलांच्या फोनमधल्या रहस्याकडे बघावं तसं बघते. पहिल्यांदा कुणी सांगितलं? तू. त्या दिवशी काय हवं होतं? मी ट्रॅक्टरात चढू नये. आणि हे इतकी वर्षं का लपवलं, याचं उत्तर त्या गोष्टीच्या पोटातच होतं. किल्ला समोर डोंगरावर. धन हुडकणारे खरोखरच फिरत होते. त्या लपवण्याला कुणी नावं ठेवू शकत नव्हतं. इतकी नीट बसलेली गोष्ट मला कुणा परक्यानं सांगितली असती तर मी लगेच म्हटलं असतं, ही घडवलेली आहे. चुलीपुढं बसून, चहा गाळता गाळता तुला ती सुचली, की कितीतरी दिवस तू ती मनात तयार ठेवली होतीस, एवढंच मला कळत नाही.

तर तुम्ही गेलात आणि मला दिंद्रुडला मावशीकडं ठेवलंत. मावशीनं तोवर फड सोडला होता. मोळ्या उचलून उचलून तिचं अंग बाहेर आलं होतं, आणि तिच्याकडे शेरडं होती. ट्रॅक्टर निघताना सगळ्या बाया मागं, गावाकडं तोंड करून बसल्या होत्या. तू एकटी पुढं तोंड करून बसलीस. मला तुझा अंबाडा दिसत होता. तो वळणापर्यंत दिसला. त्यानंतरच्या प्रत्येक हंगामाला तू तशीच बसलीस. मावशी तेव्हा म्हणायची, तिला मागं बघवत न्हाई. मला ते खरं वाटायचं. आता मी विचार करते, खोटं बोललेल्या माणसालाही मागं बघवत नाही.

दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मी मावशीची होते. शाळेच्या आधी शेरडं, शाळेनंतर शेरडं. भाकरी मी करायची. पाणी मी आणायचं. आभाळ भरून आलं की मावशी मला आत ओढायची, वाकळ अंगावर टाकायची, विळा-खुरपं माझ्यापासून लांब ठेवायची. वाकळेखाली मला शेरडांचा वास यायचा आणि वाटायचं, वीज गावावरून फिरते आहे आणि एकेका घरात वाकून माझं तोंड शोधते आहे. भाऊ तुझ्याजवळ होता. त्याच्या हाताला उसाच्या पात्यानं चिरा पडायच्या, पण त्याला तुझ्या हातची भाकरी मिळायची. तो परत आला की सांगायचा, कोपीत माय अशी बोलती, तशी हसती. मी तुला हसताना फार बघितलेलं नाही. ते बहुतेक सगळं हंगामात, तिकडेच झालं.

आणि मावशीला हे माहीत होतं. मी डोक्यानं आले हे माहीत असून ती मला वाकळेखाली घालत होती. परवा मी तिला हे विचारलं. ती म्हणाली, "सवय लागली गं. तुझी माय इतक्या जोरात म्हणली की मलाबी वाटाया लागलं." मग मावशीवर तरी विश्वास का ठेवावा? तिनं कोपीत कितीतरी बाळंतपणं केली. एखादं केसाळ डोकं दुसऱ्या कुणाचं असू शकतं. शेवटच्या वर्षांत तुमचं दोघींचं बोलणं नव्हतं, कशावरून ते मला कळलं नाही. मेलेल्या बहिणीला खोटं पाडायला म्हातारीला काय लागतं? मी हे सगळं धरून बघितलं. पण ती शेंगा फोडत होती. माणूस काही साधायला बोलतं तेव्हा त्याचे हात थांबतात.

चैत्रात टोळ्या परत यायच्या तेव्हा मी गावी यायचे, आणि अंगणात माणसं यायची. मोळ्या वाहून कंबर धरलेली, उसण भरलेली. पालथी झोपायची. तू सांगायचीस, "डावा पाय लाव गं." मी भिंतीला हात टेकून पाय ठेवायचे आणि जरा भार द्यायचे. कुणी चिंचा आणायचं, कुणी कैऱ्या. एकदा एका म्हातारीनं माझा तळवा उलटा करून बघितला, काही लिहिलंय का म्हणून. आणि गुण यायचा, माय. हेच मला खातं. माणसं वाकून आत यायची आणि सरळ होऊन जायची. मावशी खरं बोलत असेल तर माझ्या पायात काहीही नव्हतं. मग त्यांच्या कमरा कशानं सुटल्या? मला पुस्तकातली उत्तरं माहीत आहेत. दाब, ऊब, विश्वास. ती मी दुसऱ्या कुणाच्या पायाबद्दल लगेच देईन.

ते दोघं आले ती दुपारही चैत्रातली. मोटारसायकलवरून आले. इस्त्रीचे कपडे, हँडलला पिशवी, पिशवीतून नारळ दिसत होता. अण्णा रानात गेले होते. तू डाळ निवडत होतीस. एकजण म्हणाला, "ताई, पोरगी जरा किल्ल्याच्या मागं फिरवून आणायची. काही करायचं न्हाई तिनं. कुठं काय दिसतं तेवढं सांगायचं." मी तुझ्या मागं सरकले. खरं बोलून मोकळं व्हायची वेळ होती ती. ती पायाळू न्हाई, म्या खोटं बोलले, एवढं म्हटलं असतंस तर ते गेले असते. पण मग पुढच्या दसऱ्याला मुकादम आला असता. तू डाळीतून खडा काढून टाकलास आणि म्हणालीस, "आता काय उपेग? वयात आली की पायाळूला दिसायचं बंद होतं. पायाचा गुण तेवढा ऱ्हातो."

"कोण म्हणतं?"

"माझी आजी पायाळू व्हती. तुमची व्हती का?"

दुसरा माझ्याकडे बघून म्हणाला, "लहान दिसती की पोरगी."

तू सूप खाली ठेवलंस. "दिसती. आळीतल्या बाया बोलावू का? त्या सांगतील तुमाला, कवा आली, कशी आली, समदं."

तो उठून उभा राहिला. पहिला मात्र तिथंच घुटमळला. म्हणाला, "गाडीवर बसून कंबर धरलीय. पाय तरी लावू द्या." आणि तू मला म्हणालीस, "लाव गं." जो मला न्यायला आला होता त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर मी डावा पाय ठेवला. तो म्हणाला, "वा." जाताना नारळ ठेवून गेला. तो तू त्याच रात्री फोडलास आणि चटणी केलीस.

मी वयात आले नव्हते. त्याला अजून अवकाश होता. आणि वयात आल्यावर पायाळूचं दिसणं जातं हा नियम मला त्यानंतर कुठंही सापडला नाही, ना पुस्तकात, ना कुणाच्या तोंडी. तुझ्या आजीबद्दल मी परवा मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, "आमच्या आजीचा जन्म कुणी बघितला?"

माझ्या मैत्रिणींची लग्नं झाली तेव्हा आपल्याकडंही माणसं आली. मला बघायची, चहा प्यायची, अण्णांना बाजूला घेऊन विचारायची, आणि जायची. एका मध्यस्थानं स्पष्टच सांगितलं, "पोरगी चांगली हाय. पण तिचा कोयता होत न्हाई." उघड्या रानात चालत नाही अशी सून कुणाला हवी? अण्णा चिडले, तू गप्प राहिलीस, आणि मी दहावीला बसले. मग बारावीला, मग अंबाजोगाईला कॉलेजात. मी आज जी काही आहे ती त्या एका वाक्यामुळे आहे. एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. मावशीचे हात धरले असते आणि तुझ्या फोटोला हार घातला असता.

पण भाऊ अर्धा राहिला. अर्धा कोयता कुणाला परवडत नाही. दुसऱ्याच वर्षी त्याचं लग्न लागलं. वहिनी आली ती माझ्याहून फार मोठी नव्हती. माझ्या नावाची जी जागा ट्रॅक्टरात रिकामी राहिली होती, तिथं ती बसली. तूच तिला मोळी बांधायला शिकवलीस. पुढं तिची कंबर गेली, तेव्हा एका चैत्रात तीही माझ्यापुढं पालथी झोपली. मी पाय ठेवला. ती जमिनीला गाल लावून म्हणाली, "बरं हाय बाई तुमचं. आमी डोक्यानं आलो." तू दारात उभी होतीस. मी हसले. तू हसली नाहीस. आत निघून गेलीस आणि किती तरी वेळ भांडी घासत राहिलीस. जी घासायची भांडी होती ती मी सकाळीच घासली होती.

म्हणून मला तुझा संशय येतो. मला राखायला दुसऱ्याची पोर आणलीस, हे तू जाणून केलंस का? आणि राखलंस तरी कशासाठी? मावशीला मूल नव्हतं. शेरडं होती. तिला हाताखाली पोरगी हवी होती आणि तुला एक खाणारं तोंड कमी. दोघी बहिणींनी बसून हे ठरवलं असेल तर पायाळू हा शब्द तेवढ्यापुरता होता, आणि शाळा ही शेरडांच्या मधल्या वेळात आपोआप झालेली गोष्ट. तू मला राखलंस की ठेवलंस? मराठीत हे दोन शब्द जवळजवळ सारखे आहेत. माझ्यासाठी नाहीत.

तुझी कंबर तर सगळ्यांत वाईट होती. गर्भाची पिशवी काढली त्यानंतर तू भिंत धरून उठायचीस. फडावरच्या किती तरी बायांची काढली, तशीच तुझीही, हंगामात खाडा नको म्हणून. अंगणात सगळं गाव पालथं झोपून गेलं, अण्णासुद्धा झोपले. तू कधी झोपली नाहीस. मी विचारायचे, "माय, लावू का पाय?" तू म्हणायचीस, "आईला पाय लावू न्हाई." मी म्हणायचे, "अण्णांना लावला की." तू म्हणायचीस, "बापाचं येगळं." तेव्हा मला तो मान वाटला. आता तो पुरावा वाटतो. ज्या माणसाला माहीत आहे की औषधात काही नाही, ते माणूस ते औषध घेत नाही. मावशीच्या सांगण्यापेक्षा माझा यावरच जास्त विश्वास बसला.

मग दवाखान्यातली ती दुपार कुठं बसवू? अंबाजोगाईच्या दवाखान्यात तू कुशीवर झोपली होतीस. मी कॉलेजातून तशीच आले होते, पुस्तकं खाटेखाली ठेवलेली. शेजारच्या खाटेवरची बाई दूध गार करत होती. तू डोळे न उघडता म्हणालीस, "कंबर लई दुखती गं. पाय लावतीस का जरा?" मी म्हटलं, "आईला लावू न्हाई म्हणायचीस." तू म्हणालीस, "लाव." खाट उंच होती. मी चप्पल काढून खाटेवर चढले, सगळ्या वॉर्डात, आणि लोखंडी दांडी धरून डावा पाय तुझ्या कमरेवर ठेवला. भार दिला नाही. तिथं भार सोसेल असं काही उरलं नव्हतं. तू म्हणालीस, "बरं वाटलं." शेजारची बाई म्हणाली, "पायाळू हाय का पोरगी?" आणि तू म्हणालीस, "हाय."

ते "हाय" मला उलगडत नाही. आयुष्यभर सांगून सांगून शेवटी तुझाही विश्वास बसला, असं म्हणता येईल. दुखणाऱ्या माणसाला काहीही चालतं, असंही म्हणता येईल. आणि मला आवडणारं एक उत्तर आहे. तुला काहीच नको होतं, जाता जाता तू ती गोष्ट माझ्याजवळ धड ठेवून जात होतीस, मी उघडी पडू नये म्हणून. पण आपल्याला आवडणाऱ्या उत्तराचा आधी संशय घ्यावा, असं मी वर्गात सांगते. तीन-चार दिवसांनी तू गेलीस.

हे तुझ्यापर्यंत पोचवायचं तर कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल, आणि तुझ्या बाजूचं आता फक्त मावशी उरली आहे. तिला मी वाचून दाखवणार नाही. ती ऐकून घेणार नाही, उत्तर देईल.

परवा ते उत्तर आलंच होतं. शेंगा संपल्या. मावशीनं सूप सरकवलं आणि तिथंच ओसरीवर पालथी झाली. "लाव जरा पाय. दोन दिस झालं, उठता येईना."

मी म्हटलं, "मावशी, आत्ताच तर म्हणालीस मी डोक्यानं आले."

"म्हणले की. म्हणून काय कंबर ऐकती व्हय? लाव."

मी भिंतीला हात टेकला आणि डावा पाय ठेवला. तिची पाठ आता फळीसारखी झाली आहे. ती हातावर गाल ठेवून बोलू लागली, तिच्या त्याच आवाजात, ज्यात ती पावसाचं आणि शेरडांचं सांगते. "तुला हितं ठिवायचं पयल्यांदा कुणाच्या डोस्क्यात आलं, ठाव हाय का तुला? त्या साली मी तुझ्या मायला म्हणले का तीच मला..."

मुलांना शिकवते तो प्रश्न आता विचारावा लागणारच नव्हता. कुणी म्हटलं, काय हवं होतं, सगळं आपण होऊन येत होतं. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं. मी दुसरा पाय उचलला आणि सगळा भार डाव्यावर टाकला. मावशी म्हणाली, "आई गं." मग म्हणाली, "हां. तितंच. तितंच धर." बराच वेळ ती नुसती श्वास सोडत राहिली. मग उठून बसली, सरळ, पदर नीट केला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघितलं.

"काय सांगत व्हते गं मी?"

"शेंगांचं," मी म्हटलं.